दाजीपूरची सफारी: गव्यानं मान परत खाली घातली का?

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबलाय, चहा घेऊन बसा. दाजीपूरला, म्हणजे कोल्हापूरकडच्या गव्यांच्या अभयारण्यात, आम्ही दोनदा गेलो, मधे दीडेक वर्षाचं अंतर, दोन्ही वेळा न्यायला लोक वेगळे. जंगल तेच, रस्ता तोच, गवे पण बहुतेक तेच असणार, पण दोन ट्रिपांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या ट्रिपला तीसच्या वर गवे बघितले, दुसऱ्या ट्रिपला मोजून अकरा. तरी मी पहिलीला एक स्टार देतोय आणि दुसरीला साडेचार. का ते सांगायला थोडं रक्तातलं सांगावं लागणार, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

मी राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. कॉर्टिसॉलची, म्हणजे अंगातल्या ताणाच्या हार्मोनची, टेस्ट आमच्याकडं नेहमी येते. पेशंटला सांगतो की सकाळी आठला या, कारण हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं, वेळ चुकली की रिपोर्टला अर्थ राहत नाही. आणि सॅम्पल देताना माणूस घाबरला तरी आकडा हलतो. लहान पोरगं सुईला बघून अर्धा तास रडलं आणि मग रक्त घेतलं तर त्याचा पांढऱ्या पेशींचा काउंट वाढलेला दिसतो, आई घाबरते, डॉक्टर विचारतात इन्फेक्शन आहे का, आणि बऱ्याचदा काही नसतं, नुसतं रडणं असतं. हे मी शेकडो वेळा बघितलंय. पण हेच गणित जंगलातल्या जनावराला पण लागू आहे हे डोक्यात कधी आलंच नव्हतं, पहिल्या ट्रिपला तर अजिबातच नाही.

पहिली ट्रिप दिवाळीच्या सुट्टीतली. कोल्हापुरातल्याच एका टूरवाल्याकडनं बुकिंग केलं होतं, नाव घेत नाही. पहाटे रंकाळ्यावरनं निघालो, राधानगरीत चहा, मग दाजीपूरच्या गेटवर पावती आणि आत. गाडीत आमच्यासकट तीन कुटुंबं, मागं ब्लूटूथ स्पीकर सुरू, पोरांच्या हातात वेफर्सची पाकिटं. ड्रायव्हर उत्साही होता, त्याला लोकांना खूश करायचं होतं. कळप दिसला की गाडी थेट जवळ नेऊन उभी करायचा आणि गव्यानं मान वर करावी म्हणून हळूच हॉर्न मारायचा. मान वर झाली की सगळ्यांचे फोटो. एकदा तर सात-आठ गवे रस्त्याच्या कडेनं पळायला लागले तेव्हा त्यानं गाडी त्यांच्या बरोबरीनं पळवली, आणि सगळे ओरडत होते, मी पण. त्यात एक गाय होती, पोटुशी असावी, तिच्या मागं वासरू. तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा लई भारी वाटला होता. आता बघवत नाही.

आता त्या पळणाऱ्या गायीच्या अंगात त्या वेळी काय चालू होतं ते सांगतो. धोका दिसला की काही सेकंदात ॲड्रिनॅलिन सुटतं, काळीज धडधडतं, पायात रक्त जातं. हा पहिला झटका. त्याच्या मागनं दुसरी साखळी सुरू होते: मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी रक्तातनं निरोप धाडते, आणि मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडायला लागते. याला काही मिनिटं लागतात. म्हणून रानटी प्राण्यांवर काम करणारे शास्त्रज्ञ पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यायला धडपडतात, त्याच्यापुढं गेलं की जे मोजलं जातं ते पकडल्याच्या भीतीचं असतं. गवा, हरीण, माकड, माणूस यांच्यात मुख्य हार्मोन कॉर्टिसॉल, उंदीर-घुशींत त्याचाच भाऊ कॉर्टिकोस्टेरॉन.

कॉर्टिसॉल वाईट नाही हे आधी डोक्यात घ्या. ते साठवलेली साखर बाहेर काढतं, पळायला ताकद देतं आणि जी कामं आत्ता थांबवली तरी चालतील ती बाजूला ठेवतं. पचन, वाढ, गाभण राहणं, हे सगळं नंतर. प्रतिकारशक्तीचं काय होतं ते जास्त इंटरेस्टिंग आहे. थोड्या वेळाच्या भीतीत ती उलट कामाला लागते, पांढऱ्या पेशी कातडीकडं, जखम होऊ शकेल तिकडं सरकतात, म्हणजे वाघानं पंजा मारलाच तर तयारी असावी. पण हीच भीती रोज, आठवडेच्या आठवडे चालली की उलटं होतं. पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट कमी, न्यूट्रोफिल जास्त, जखमा उशिरा भरतात, आधीपासून पोटात असलेले जंत उचल खातात. आमच्या लॅबमध्ये स्टेरॉइडची गोळी महिनोन् महिने घेणाऱ्या पेशंटच्या स्लाइडवर असंच चित्र दिसतं, कारण ती गोळी म्हणजे कॉर्टिसॉलचीच बहीण. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं १९३६ साली उंदरांवर हे दाखवलं होतं, त्रास कुठलाही द्या, थंडी, जखम, विष, उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसते आणि पोटात अल्सर होतात.

हे सगळं पहिल्या ट्रिपनंतर लगेच कळलं असं नाही. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता ते सगळ्यांना आठवत असेल. सकाळपासून मागं गर्दी, मोबाइल, आरडाओरडा, तो गल्लीबोळातनं पळत राहिला, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि थोड्याच वेळात तो मेला. गर्दीतल्या कुणी त्याला मारायला आलं नव्हतं. पण पळवून, घाबरवून एवढं मोठं जनावर मरू शकतं. जनावरांच्या डॉक्टरांत यासाठी कॅप्चर मायोपॅथी असा शब्द आहे, जिवाच्या भीतीनं पळताना स्नायू अक्षरशः तुटायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात येतं, मूत्रपिंडं बंद पडतात, कधी लगेच, कधी दोन-चार दिवसांनी. त्या बातमीची आठवण काढली की आता मला आमचा व्हिडिओ आठवतो.

दुसरी ट्रिप यंदाच्या फेब्रुवारीतली. ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीनं दाजीपूरकडच्याच गावातल्या एका गाइडचा नंबर मिळाला. नाव-नंबर इथं टाकत नाही, तिथं गेटवर स्थानिक गाइड विचारा, मिळतात. वय साठीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायला लागलो. गाडीत बसताना पहिलं वाक्य, "पाव्हणं, दार वाजवू नगा, आन् आत गेल्यावर हळू बोला, त्यास्नी ऐकू येतंय." दुसरं वाक्य माझ्या पोराला, "परफ्यूम मारलाईस व्हय रं?"

दाजीपूरबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५८ मध्ये गव्यांसाठी म्हणून हे अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, १९८५ ला वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं आणि नाव राधानगरी अभयारण्य झालं. कोल्हापूरपासून दाजीपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात बंद असतं. रस्ता लाल मातीचा कच्चा, कंबर धरते, पाठीचा त्रास असेल तर पट्टा लावून जा.

सकाळचे दोन तास आम्हाला काहीच दिसलं नाही. एक शेकरू, सांबराचे खूर, आणि अस्वलानं उकरलेलं एक वारूळ. बरोबरच्या एका वहिनींनी हळूच विचारलं पण, की पैसे वाया गेले का. मामांनी गाडी सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळ-पठाराच्या, अलीकडं लांबच थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले गप ऱ्हावा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग झाडीतनं एक म्हातारी गाय बाहेर आली, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, मागनं एकेक करून बाकीचे. अकरा. तिनं आमच्याकडं बघितलं, नाक वर केलं, कान पुढं. सगळा कळप थांबला. मामा कुजबुजले, "आता बगा. तिनं मान खाली घातली तर आपुन चांगलं पाव्हणं. न्हाई घातली तर आपुनच मागं सरायचं."

मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटं ती तशीच उभी. मग मान खाली, आणि चरायला लागली. तिच्या मागनं सगळ्यांनी माना खाली घातल्या. आम्ही पाऊण तास तिथं होतो, वासरं एकमेकांना ढुसण्या देत होती, एक बैल अंग झाडाला घासत होता, दोन गायी खाली बसून रवंथ करायला लागल्या. रवंथ करताना बघितलं तेव्हा मला एकदम लॅबमधलं सकाळचं सॅम्पल आठवलं. जनावर घाबरलेलं असेल तर निवांत बसून रवंथ करत नाही. म्हणजे त्यांच्या रक्तात आत्ता काय आहे याचा अंदाज त्यांच्या वागण्यावरनं, सुई न टोचता, आम्हाला गाडीत बसून घेता येत होता. मामांना कॉर्टिसॉल हा शब्द माहीत नाही पण ते आयुष्यभर तेच वाचत आलेत. मी त्यांना विचारलं की एखादा कळप पळवला तर काय होतं. म्हणाले, "पळीवला की दोन-चार दिस त्या अंगाला फिरकत न्हाईत. चांगला चारा सोडून वाईट चाऱ्यावर जात्यात. मग वाळत्यात."

नंतर वाटेत शेणाचा ताजा पो पडला होता. बाकीचे नाक दाबून बसले, मी खाली उतरायची परवानगी मागितली. मामा हसले. पण खरं सांगतो, रानटी जनावराचं कॉर्टिसॉल मोजायचं असेल तर आज हाच सगळ्यात चांगला रस्ता आहे. रक्तातलं हार्मोन यकृतातनं तुटून शेणात उतरतं, म्हणून शेणातले त्याचे तुकडे मोजले की काही तासांपासून दीड-दोन दिवसांपूर्वीपर्यंतचा हिशोब कळतो, जनावराच्या पचनाप्रमाणं. जनावराला हात लावायचा नाही, पकडायचं नाही, त्यामुळं पकडण्याची भीती आकड्यात मिसळत नाही. फक्त शेण ताजं पाहिजे, कारण जिवाणू ते तुकडे लगेच तोडायला लागतात, म्हणून गोळा केलं की गोठवायचं किंवा अल्कोहोलमध्ये घालायचं. हैदराबादला सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संस्थेची लॅकोन्स नावाची लॅब आहे, तिथं हे काम होतं. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेवर २०१९ साली छापलेला अभ्यास आहे, पर्यटनाच्या सीझनमध्ये स्ट्रेस हार्मोनचे तुकडे वाढलेले सापडले, आणि गाड्या जास्त तसा आकडा जास्त. म्हणजे अभयारण्य पावसाळ्यात बंद ठेवतात त्याचा जनावरांच्या शरीराला पण उपयोग आहे, नुसता रस्ता खचतो म्हणून नाही.

पण सगळंच इतकं सरळ नाही, आणि हे मला फार आवडलं म्हणून सांगतोच. दुपारी जेवताना एकजण म्हणाला की मग उसात शिरणारे हत्ती-गवे केवढ्या टेन्शनमध्ये असतील, माणसं फटाके लावतात, डबे वाजवतात. आपल्याकडं चंदगड-आजऱ्याला हत्तींचा विषय रोजचाच. मला पण तसंच वाटायचं. पण बंगळुरूच्या आयआयएससीच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, लोकांनी कर्नाटकातल्या हत्तींच्या लिदीवर काम केलं, त्यात शेतातलं खाणाऱ्या हत्तींचं स्ट्रेस हार्मोन जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी निघालं. त्यांचं म्हणणं, चांगलं पोटभर खायला मिळतं म्हणून. म्हणजे उपाशीपोट हे फटाक्यांपेक्षा मोठं टेन्शन असू शकतं. आता याचा अर्थ ऊस खायला घाला असा नाही, हत्ती शॉक लागून पण मरतात आणि माणसं पण मरतात. पण जंगलात चारा नसेल तर कुंपणं आणि फटाके किती दिवस पुरतील हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतोय. मामा ऐकून एवढंच म्हणाले, "पोट भरलं की कोन कशाला हिंडंल?"

जेवण मामांच्या घरचं. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, ताक. खर्डा जरा जपून, माझ्या बायकोच्या डोळ्यातनं पाणी आलं. जेवून झाल्यावर मामांनी प्रत्येकाची पिशवी बघितली, की प्लॅस्टिक कुणी मागं सोडलंय का. एक पोरगं केळ्याची साल झुडपात टाकायला निघालं होतं तर त्याला थांबवलं, "माकडं शिकत्यात." तेव्हा मला केनियातल्या बबून माकडांची गोष्ट आठवली आणि ती मी सगळ्यांना सांगितली. रॉबर्ट सापोल्स्की नावाचे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या शेवटापासून तिथं बबूनच्या टोळ्यांचं रक्त तपासत होते. खालच्या पायरीवरच्या नरांना वरचे नर सारखे हाणायचे, हुसकायचे, आणि त्यांचं कॉर्टिसॉल कायम चढलेलं असायचं. मग १९८० च्या दशकात एका टुरिस्ट लॉजच्या कचऱ्यात टीबी झालेल्या जनावराचं मांस पडलं. तो कचरा भांडून मिळवायला जायचे ते टोळीतले सगळ्यात भांडखोर नर, ते सगळे टीबीनं मेले. मागं राहिले शांत नर आणि माद्या. आणि पुढं बाहेरून नवीन नर आले तरी त्या टोळीची रीत शांतच राहिली, खालच्या नरांच्या रक्तातलं टेन्शन इतर टोळ्यांसारखं राहिलं नाही. वागणं, हार्मोन, रोग, सगळं एकाच दोरीत. आणि सुरुवात कशापासून, तर पर्यटकांच्या कचऱ्यापासून. त्या पोरानं साल परत पिशवीत ठेवली, मला बरं वाटलं.

म्हणजे खालचा कायम आजारी आणि वरचा कायम मजेत असंही नाही. केनियातच अंबोसेलीला बबूनचा दुसरा मोठा अभ्यास चालू आहे, तिथं एक नंबरच्या नराचं स्ट्रेस हार्मोन दोन नंबरवाल्यापेक्षा बरंच जास्त निघालं, कारण गादी सांभाळायची म्हणजे रोज मारामारी. तरी जखमा भरायच्या बाबतीत वरच्या पायरीवरचे नरच पुढं. म्हणजे नुसता एक आकडा बघून जनावर बरं की वाईट ते ठरवता येत नाही, पेशंटचं पण तसंच असतं. ऋतू, पोटातलं पिल्लू, खाणं, दर्जा, सगळं बघावं लागतं.

टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. अँटेकायनस नावाचा उंदराएवढा प्राणी, पण पिशवीवाल्या कुळातला. याचे नर वर्षभराचे व्हायच्या आत एकदाच, दोन-तीन आठवडे, खाणंपिणं सोडून माद्यांच्या मागं लागतात. कॉर्टिसॉल चढतं ते उतरतच नाही, रक्तात त्याला बांधून ठेवणारं प्रोटीन पण कमी होतं, प्रतिकारशक्ती कोसळते, पोटात रक्तस्राव, जंत, इन्फेक्शन, आणि सीझन संपता संपता सगळेच्या सगळे नर मरतात. माद्या जगतात. माझ्या पोराला हे इतकं लागलं की तो परतीच्या वाटेवर गप्प होता.

गव्यांच्या बाबतीत काळजीची गोष्ट म्हणजे लाळ्या-खुरकूत. गावातल्या गुरांचा हा रोग गव्यांना पण होतो, कारण गवा गाई-बैलांचाच भाऊबंद. एकाच पाणवठ्यावर दोघं आले की रोग इकडनं तिकडं. आता जो कळप आधीच गाड्यांनी, वणव्यानं, कमी चाऱ्यानं दमलेला आहे त्याच्या अंगात तो रोग आल्यावर काय होईल हे सांगायला टेक्निशियन लागत नाही. कॅनडातल्या रानसशांवर काम झालंय, भीतीत वावरणाऱ्या गाभण माद्यांना पिल्लं कमी होतात आणि बारकी होतात. मला त्या व्हिडिओतली पोटुशी गाय आठवत राहते.

तर रिव्ह्यू. पहिल्या टूरवाल्याला एक स्टार, तो वेळेवर निघाला म्हणून. मामांच्या सफारीला साडेचार. अर्धा कापला कारण गाडीची मागची सीट खिळखिळी होती, बायकांसाठी बाथरूमची नीट सोय नव्हती, आणि जेवायला तीन वाजले, पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली. हे मामांना तोंडावर पण सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. खर्चाचं म्हणाल तर आम्ही सहा जणांनी वाटून घेतला, माणशी एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढा पडला.

जाणार असाल तर गडद, मातकट रंगाचे कपडे घाला, अत्तर-डिओ नको, स्पीकर घरी. बुकिंग करताना गाइडला एकच विचारा, कळप दिसल्यावर गाडी किती लांब थांबवता आणि इंजिन बंद करता का. जवळ नेतो, फोटोची गॅरंटी म्हणाला तर दुसरा बघा. पाणी जास्त घ्या, आत मिळत नाही. बारीक पोरांसाठी काहीतरी खायला ठेवा पण पाकिटं परत आणा. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर जनावर जास्त दिसतं असं म्हणतात, पण मामांनी सांगितलं की तेव्हा त्यांना पाण्यावरनं उठवणं सगळ्यात वाईट, म्हणून आम्ही पावसाळ्यानंतर उघडलं की नोव्हेंबरात परत जाणार आहे. मागची सीट बदलतो म्हणालेत तोवर.